धूर सोडणारं विजेचं इंजिन

२० जून २०२२ रोजी रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण विद्युतीकृत म्हणून राष्ट्राला अर्पण झाला. डिझेल गेलं आणि वीज आली, असं आपण तेव्हापासून म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. कोकणकन्येच्या पुढे धूर सोडत धावणारं इंजिनही चाकं विजेवरच फिरवत होतं. फक्त ती वीज तारेतून न येता इंजिनाच्या पोटातच तयार व्हायची. डिझेल इंजिन जनरेटर फिरवणार, जनरेटर आसांवरच्या मोटारींना वीज देणार आणि मोटारी चाकं फिरवणार. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे कळायला शंभरेक वर्षं मागे, एका फसलेल्या प्रयोगाकडे जावं लागतं.

१९१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर-रोमान्सहॉर्न मार्गावर एक नवं इंजिन चाचणीला निघालं. डिझेल इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल, अभियंते अॅडॉल्फ क्लोसे आणि सुल्झर कंपनीने उभं केलेलं, सुमारे १२०० अश्वशक्तीचं. वाफेच्या इंजिनासारखाच त्याचाही जोर दांड्यांमधून थेट चाकांवर जायचा, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. वाफेचं इंजिन जागेवर उभं असतानाही पूर्ण जोर लावू शकतं. सिलिंडरमध्ये वाफ सोडली की दट्ट्या सरकलाच. डिझेल आधी फिरावं लागतं, मग आतलं इंधन पेटतं आणि मग जोर मिळतो. चाकं थांबली की इंजिनही थांबणार. म्हणून गाडी हलवायला सिलिंडरमध्ये दाबलेली हवा सोडायची आणि थोडा वेग आला की डिझेलवर जायचं, अशी कसरत होती. आपल्या दिवा-सावंतवाडी पॅसेंजरला असलं इंजिन लावलं असतं तर दर स्टेशनावर हवेची आराधना करत बसावं लागलं असतं. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये स्वतः डिझेल इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसे झाले, पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं आणि प्रयोग तिथेच संपला.

मोटारगाडीसारखे गिअर लावता येतील, पण शेकडो टनांची गाडी ओढताना क्लचची काय अवस्था होईल ते कोणताही ट्रकवाला सांगेल. मध्ये वीज आणली की इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटतात. गाडी उभी असताना इंजिन खुशाल फिरू शकतं, आणि विजेची मोटार सुरुवातीलाच सर्वांत जास्त जोर देते. प्रश्न उरला तो दोघांचा मेळ घालण्याचा. मोटारींनी इंजिनाच्या कुवतीपेक्षा जास्त वीज ओढली तर इंजिन गुदमरून बंद पडायचं, आणि चालकाला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागायचं. जनरल इलेक्ट्रिकमधल्या हर्मन लेम्प यांनी इंजिन आणि वीज या दोन्हींचं नियंत्रण एकाच हँडलवर आणलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा शोध हाच. पुढे आपल्या इंजिनांतल्या लोको पायलटच्या हाती आठ नॉचचं (म्हणजे टप्प्यांचं) जे हँडल आलं, ते याच कल्पनेचं वंशज.

हे इंजिन चाललं ते मात्र धुराच्या कृपेने. न्यूयॉर्क शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी घालणारा कायदा १९२३ मध्ये झाला, आणि १९२५ मध्ये अल्को, जनरल इलेक्ट्रिक व इंगरसोल-रँड या अमेरिकन कंपन्यांचं ३०० अश्वशक्तीचं छोटं डिझेल-इलेक्ट्रिक तिथल्या यार्डात रुजू झालं. ते १९५७ पर्यंत राबलं. प्रयोग पुढेही चालूच राहिले. ब्रिटनमध्ये १९५५ साली आलेल्या डेल्टिक नावाच्या रेल्वे इंजिनाच्या पोटात नौदलाच्या वेगवान बोटींसाठी बनवलेल्या जातीची दोन त्रिकोणी इंजिनं होती, एकूण ३३०० अश्वशक्तीची. दिसायला आणि ऐकायला झकास, पण सांभाळायला नाजूक. त्या धर्तीवर फक्त २२ इंजिनं बनली.

भारताने झकासपणाच्या वाटेला न जाता टिकाऊ इंजिन निवडलं. १९६२ मध्ये अल्को आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांची २६०० अश्वशक्तीची इंजिनं इथे आली. तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली, म्हणून वाराणसीच्या कारखान्यात तिचं इंजिन बनू लागलं आणि जानेवारी १९६४ मध्ये पहिलं बाहेर पडलं. तेच डब्ल्यूडीएम-२. गंमत अशी, की खुद्द अल्कोने १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बनवणं बंद केलं, पण तिचा वंश आपल्याकडे पुढे कित्येक दशकं वाढत राहिला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा गाड्या ओढायला हाच गोतावळा आला. पनवेलपर्यंत डोक्यावर तारा असल्या तरी मुंबईहून निघणाऱ्या गाडीला बहुधा डिझेलच लागायचं.

चिपळूणहून गाडी सुटताना वर जाणारा काळा लोट अनेकांना आठवत असेल. ती बिघाडाची खूण नव्हे. हँडल पुढच्या नॉचवर गेलं की इंधन लगेच वाढतं, पण जास्तीची हवा देणारा टर्बो धुराच्या झोतावर फिरत असल्याने त्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात हवा कमी पडते आणि इंधन अर्धवट जळतं. उघड्यावर हे पाहायला मजा यायची, पण साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात नाही. खिडक्या पटापट खाली यायच्या.

जनरल मोटर्सचं ४००० अश्वशक्तीचं इंजिन १९९९ मध्ये आलं. त्याचा टर्बो कमी वेगात इंजिनच गिअरने फिरवतं, त्यामुळे काळा लोट बराच कमी. त्याहून महत्त्वाची गोष्ट खाली, मोटारींत होती. जुन्या डीसी मोटारींच्या जागी थ्री-फेज एसी मोटारी आल्या. त्यांत घासून झिजणारे कार्बन ब्रश नाहीत, आणि चाक घसरू लागलं की जोर चटकन आवरता येतो. पावसाळ्यात रूळ निसरडे असताना जड मालगाडी चढावर हलवायची, तर हे मोठंच काम. त्याच १९९९ पासून कोलाड-वेर्णा रो-रो सुरू झाली. टाकीत डिझेल भरलेले ट्रक वाघिणींवर चढवायचे आणि ती रांग डिझेल इंजिनाने ओढायची, हा प्रकारही मजेशीरच होता.

आता तारा आल्यामुळे इंजिनातलं वीजघर तेवढं कमी झालं. चाकाजवळची मोटार आहे तिथेच आहे. वाराणसीच्या कारखान्याने तर जुन्या डिझेल इंजिनांचंच विजेच्या इंजिनात रूपांतर करून दाखवलं. २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘डिझेल’ गेलं आणि तो बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला. डिझेल इंजिनं मात्र तिथे त्यानंतरही बनली, मोझांबिकला पाठवायला.