निष्कलंक गर्भसंभव आणि कुमारीच्या पोटी जन्म: बायबलात यातलं काय आहे?

पणजीच्या नागमोडी पायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं, निष्कलंक गर्भसंभवाचं. हा गर्भ कोणाचा, असं विचारलं तर बरेच जण बेधडक 'येशूचा' म्हणतात. त्यांत दर रविवारी मिस्साला जाणारेही असतात. पण मग ८ डिसेंबरला गर्भ आणि २५ डिसेंबरला जन्म? कॅलेंडर उघडलं की घोळ मिटतो. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला, बरोबर नऊ महिन्यांनी नाताळ. ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजले की येतो ८ सप्टेंबर, म्हणजे येशूच्या आईचा, मरियेचा जन्मदिवस. बांद्र्याची माउंट मेरीची जत्रा भरते ती त्याच सुमारास.

थोडक्यात, निष्कलंक गर्भसंभव हा मरियेचा. तिला आई होती, बाप होता, आणि ती चारचौघांसारखीच जन्माला आली. वेगळेपण एवढंच मानलं जातं की आदामापासून साऱ्या माणसांना चिकटलेलं मूळ पाप देवाने तिला पहिल्या क्षणापासून लागू दिलं नाही. कुमारीच्या पोटी जन्म ही गोष्ट येशूची: त्याला मानवी पिता नव्हता, तो पवित्र आत्म्याच्या योगे मरियेच्या पोटी आला.

या दुसऱ्या गोष्टीला बायबलचा आधार रोखठोक आहे. मत्तय पहिल्याच अध्यायात ती सांगतो. लूककडे तर मरिया स्वतःच देवदूताला अडवते: 'हे कसे होईल? कारण मला पुरुष ठाऊक नाही.' मार्क आणि योहान हा प्रसंग सांगत नाहीत, पौलाच्या पत्रांतही तो नाही. पण दोन शुभवर्तमानं पुरेशी ठरली. म्हणून पोपशी उभा दावा मांडून प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरलाही हा जन्म मान्यच होता.

निष्कलंक गर्भसंभवाचं तसं नाही. मरियेच्या आईवडिलांची अन्ना आणि योआकीम ही नावंसुद्धा बायबलात सापडत नाहीत. ती बायबलबाहेरच्या, दुसऱ्या शतकातल्या एका लिखाणातून आली. पोप नववा पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी हा सिद्धान्त जाहीर केला, तेव्हा उत्पत्ती ३:१५ आणि लूक १:२८ यांचा हवाला दिला. पहिल्यात सर्प आणि स्त्री यांच्यातलं वैर आहे. दुसऱ्यात देवदूताचा नमस्कार: लॅटिनमध्ये 'कृपेने भरलेली', तर प्रॉटेस्टंटांच्या मराठी बायबलात 'कृपा पावलेल्या स्त्रिये'. खरं सांगायचं तर आधीपासून विश्वास असलेल्यालाच या ओळींत हा सिद्धान्त दिसेल. उलट बाजूला रोमकरांस पत्र ३:२३ उभं आहे: सर्वांनी पाप केलं आहे. आणि मरिया स्वतः देवाला आपला तारणारा म्हणते. पापच नाही तर तारण कशापासून?

हा प्रश्न काही प्रॉटेस्टंटांनी शोधलेला नाही. संत बर्नार्ड आणि थॉमस अक्वायनस हे मध्ययुगातले धर्मपंडित, दोघेही कट्टर मरियाभक्त, याच जागी अडले होते. वाट काढली ती डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन पंडिताने, १३०० च्या आसपास. खड्ड्यात पडलेल्याला वर ओढणं हे तारण, तसं त्याला पडूच न देणं हेही तारणच, किंबहुना जास्त मोठं. युक्तिवाद देखणा आहे, पण तो तर्क आहे, वचन नव्हे. त्यानंतरही फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे दोन संन्यासी संघ शतकानुशतकं भांडत राहिले.

मग वचन हवंच का? अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, चर्चच्या ३९ कलमांतलं सहावं म्हणतं, हवंच: जे शास्त्रात नाही आणि शास्त्रावरून सिद्धही होत नाही, ते तारणासाठी कोणावर लादू नये. कॅथलिक चर्च म्हणतं, शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्याचं पाणी. फक्त शास्त्रातूनच सगळी खात्री मिळते असं नाही. १९६५ मध्ये कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हेच पुन्हा मांडलं. मला वाटतं, कॅथलिकांनी इथे ओढूनताणून वचनं पुढे करण्यापेक्षा 'ही परंपरा आहे' असं सरळ म्हणावं. नव्या करारात कोणती पुस्तकं असावीत ही यादी तरी बायबलात कुठे आहे? तीही चर्चनेच ठरवली, आणि तिच्यावर प्रॉटेस्टंटांचीही सारी भिस्त आहे.

पण परंपरा मानली म्हणून हा सिद्धान्त आपोआप पदरात पडत नाही. पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च परंपरेला कॅथलिकांइतकंच धरून असतं, मरियेला 'सर्वपवित्र' म्हणतं, तरी १८५४ ची घोषणा त्याने नाकारली. त्यांची हरकत वचनाची नाहीच. आदामाकडून माणसाला वारशात मृत्यू मिळतो, त्याचा दोष मिळत नाही, असं ते मानतात. मग मरियेला दोषातून वेगळी सूट कशाला? शिवाय एकट्या पोपने सिद्धान्त जाहीर करणं त्यांना मुळातच मंजूर नाही. अन्नेला दिवस गेले त्याचा सण मात्र ते दरवर्षी ९ डिसेंबरला पाळतात.