वेदरिंग : हरिकेन विमानाची प्रतिकृती

वेदरिंग म्हणजे विमानाच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीवर ऊन, धूळ, तेल, धूर आणि माणसांचा वावर यांच्या खुणा उमटवण्याचे काम. रंग, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) आणि वार्निश यांच्या थरांमध्येच ते होत असल्याने या सगळ्याचा क्रम आधी ठरवावा लागतो. युद्धकालीन लढाऊ विमानांसाठी १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे सर्वाधिक रूढ आहेत. येथे उदाहरण घेतले आहे ते दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे, चार २० मिमी तोफांच्या हॉकर हरिकेन मार्क २सीचे. १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांची १ क्रमांकाची आणि ब्रह्मदेशातल्या आराकानात मेहर सिंग यांची ६ क्रमांकाची भारतीय स्क्वाड्रन हरिकेन विमानेच उडवत होती. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक हरिकेन जवळून पाहता येते.

विमान कशाचे बनले आहे?

हरिकेनचे नाक आणि मार्क २चे पंख धातूच्या पत्र्याचे आहेत. कॉकपिटमागे मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणून बसवलेले कापड आहे. शेपटीचे भागही कापडीच. त्यामुळे मागच्या धडावर चंदेरी ओरखडे काढणे ही या विमानावरची सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक होय. कापड मळते, विटते, फाटते आणि त्याला ठिगळ लागते; ते चकाकत नाही. त्याच रंगाची थोडी गडद छटा घेऊन एकदोन छोटे चौकोन रंगवले की ठिगळ पटते. पंख्याची पाती लाकडी असतील, तर त्यांच्या कडांवरही चंदेरी रंग नको.

पत्र्याच्या भागात झीज होते ती हात आणि पाय लागतात तिथे. वैमानिक डाव्या बाजूने चढतो, म्हणून डाव्या पंखाचे मूळ उजव्यापेक्षा जास्त झिजलेले दाखवावे. तोफांची झाकणे, इंजिनाच्या आवरणाचे खटके आणि पंखांच्या पुढच्या कडा या बाकीच्या जागा. अ‍ॅल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, तो एक्झॉस्टच्या (इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या) पोलादी नळ्यांवरच शोभतो. आणि ओरखड्याचे माप विसरू नये : १:४८ मध्ये ०.२ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ १ सेंमीचा टवका. स्पंज रंगात बुडवून कागदावर बहुतेक सगळा टिपून घ्यावा आणि मग हलकेच टेकवावा. त्याहून मोठे टवके ०००च्या (अगदी बारीक) ब्रशने एकेक काढावेत.

रंग आणि डेकल

जोडणी झाल्यावर प्रतिकृती भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवावी, कारण बोटांच्या तेलावर रंग धरत नाही. नंतर करड्या प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) पातळ थर द्यावा. सांध्यांवरच्या फटी याच वेळी उघड्या पडतात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या हरिकेनला वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, खालून मीडियम सी ग्रे हे रंग होते. अ‍ॅक्रिलिक रंगात साधारण तेवढेच थिनर घालून ०.३ मिमी तोंडाच्या एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) १२ ते १५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाने फवारावे. लहान आकारावर तोच रंग जास्त गडद भासतो, म्हणून १० ते १५ टक्के पांढरा किंवा फिका पिवळसर रंग मिसळण्याची पद्धत आहे. नेमका आकडा डोळ्यांनीच ठरवावा. ब्रह्मदेशाच्या उन्हात विटलेली पाठ दाखवायची तर पॅनेलच्या (पत्र्याच्या एकेका तुकड्याच्या) मध्यभागी याहून फिकी छटा अगदी पातळ फवारावी.

जपानी विमानांच्या तांबड्या वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून या आघाडीवर राष्ट्रचिन्हातला लाल रंग काढून टाकला होता. किटमधली युरोपातली लाल ठिपक्याची चिन्हे इथे चालत नाहीत.

डेकलआधी चकचकीत वार्निश हवेच. मॅट पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. डेकलखालच्या त्या खाचांत हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसू लागते. डेकल कोमट पाण्यात काही सेकंद ठेवून घसरवून बसवावे आणि वर मऊ करणारे द्रावण लावावे. द्रावणाने ते सुरकुतते, पण घाबरून बोट लावू नये. वाळताना ते आपोआप ताणून बसते. बोट लावले तर फाटते. बसल्यावर पुन्हा एक चकचकीत थर द्यावा आणि पुरा दिवस वाळू द्यावा.

वॉश, तेल, धूर

वॉश म्हणजे खोलगट रेषांत उतरवायचा पातळ रंग. पॅनेल रेषांसाठी तपकिरी तैलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये मळक्या पाण्याइतका पातळ करावा. टोकदार ब्रश रेषेला टेकवला की रंग रेषेतून आपसूक धावतो. वीसेक मिनिटांनी कापडाने पुसावा, तेही हवा वाहते त्याच दिशेने, म्हणजे पुढून मागे. राहिलेला ओघळ मग खराच वाटतो. खाली अ‍ॅक्रिलिक आणि वर तैलरंग हा क्रम मोडला, म्हणजे इनॅमल वार्निशवर तैल वॉश चढवला, तर स्पिरिट वार्निशच विरघळवते. स्पिरिट सढळ हाताने ओतू नये. ताणात बसवलेल्या सांध्यात ते मुरले की प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि चाकांचे पाय काही दिवसांनी मोडतात.

हरिकेनच्या मर्लिन इंजिनाचा धूर एक्झॉस्टमधून निघून पंखाच्या मुळावरून मागे जातो. आधी काळपट तपकिरी रंग अतिशय पातळ करून (रंग १, थिनर ९) अनेक फेऱ्यांत फवारावा आणि मग मधोमध फिका करडा. लांब पल्ल्याच्या उड्डाणात इंधनाचे मिश्रण विरळ ठेवले की धुराचा डाग फिका पडतो, म्हणून निव्वळ काळा पट्टा खोटा दिसतो. तोफांच्या धुराच्या खुणा पंखाखाली, टरफले पडण्याच्या फटींमागे येतात. टाक्यांच्या झाकणांपासून मागे सांडलेल्या इंधनाचे ओघळ आणि पोटाखाली तेलाची रेघ एवढे तैलरंगाने पुरते.

मॅट थर आणि धूळ

शेवटचे मॅट वार्निश पावसाळ्यात दगा देते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लॅकर (झटकन वाळणारे वार्निश) फवारले की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल धरते आणि थर दुधाळ पडतो. कोरडा दिवस पाहावा किंवा मंद वाळणारे थिनर वापरावे. दुधाळ झालाच तर त्याच थिनरचा नुसता हलका फवारा बहुधा तो साफ करतो. बाटली मात्र नीट ढवळलेली हवी; तळाशी बसलेली मॅट पूड एकदम आली तर पांढरी बुरशी चढल्यासारखे दिसते.

धुळीची पूड मॅट थरानंतरच लावावी. वर वार्निश फवारले तर ती जवळजवळ नाहीशी होते. चाके, चाकांची खोबणी, पंखाखालचा भाग आणि पाय ठेवण्याची जागा एवढ्यावरच मातकट पूड कोरड्या ब्रशने लावून, कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टेकवून ती स्थिर करावी. मे महिन्यानंतरचे इंफाळ दाखवायचे असेल, तर धूळ कमी करून चाकांवर आणि पोटाखाली ओल्या चिखलाचे शिंतोडे उडवावेत.