न दुखता येणारा झटका कळला कसा?

सहज म्हणून काढलेल्या ईसीजीवर यंत्राने 'सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइंड', म्हणजे हृदयाच्या मधल्या पडद्याला कधीतरी झटका येऊन गेला असावा, असं छापलं की घरातले सगळे धास्तावतात. छातीत तर कधी दुखलं नाही, मग झटका आला कधी? वैद्यकशास्त्रालाही हा प्रश्न बराच उशिरा पडला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली की माणूस गेलाच, असं बहुतेक डॉक्टर धरून चालत. १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी असे रुग्ण वाचूही शकतात हे मांडलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आइन्थोव्हेन यांचं ईसीजी यंत्र तोवर आलेलं होतं. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी झटक्यात आलेख कसा बदलतो ते दाखवलं. पण ईसीजी निघायचा तो दुखणं घेऊन आलेल्यांचा. ज्याला दुखलंच नाही, तो दवाखान्यात येईल कशाला?

ही कोंडी फोडली फ्रेमिंगहॅमने. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात १९४८ पासून ५,२०९ जणांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली, तक्रार असो वा नसो. मागच्या आलेखात नसलेली खोल क्यू लहर (खाली उतरणारी रेघ) नव्या आलेखात दिसली, तर मधल्या काळात हृदयाच्या स्नायूचा काही भाग मेला, असा अर्थ निघे. ३० वर्षांचा हिशेब १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाव हिश्शाहून जास्त झटके फक्त अशा ईसीजीवरून कळले होते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना काहीच जाणवलं नव्हतं. बाकीच्यांना त्रास झाला, पण तो हृदयाचा असेल हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना डॉक्टरांच्या. आपल्याकडे 'पित्त झालंय' म्हणून अंगावर काढलेली दुखणी आठवा. पुढचा धोका मात्र वेळीच ओळखलेल्या झटक्याइतकाच होता, आणि मला हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

ईसीजीची मर्यादा २०१२ मध्ये आइसलंडमधून पुढे आली. तिथे ९३६ वयस्कर लोकांच्या पाहणीत एमआरआयने न कळलेले १५७ झटके शोधले, ईसीजीने ४६. उलट, छातीवरच्या पहिल्या दोन तारा एक बरगडी वर लागल्या तरी निरोगी हृदयाच्या कागदावर 'सेप्टल इन्फार्क्ट' उमटू शकतो. म्हणून डॉक्टर आधी ईसीजी पुन्हा काढतात, जुना असल्यास शेजारी ठेवून बघतात आणि टू-डी इकोत हृदयाची भिंत नीट हलते का ते तपासतात.