रात्रीची क्वार्टर, सकाळची मळणी

देशीच्या क्वार्टरमध्ये 180 मिलिलिटर दारू असते, तीव्रता 42.8 टक्के. म्हणजे साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साठ किलोच्या गड्याने ती तास-दीड तासात संपवली, तर त्याच्या 100 मिलिलिटर रक्तात अंदाजे 140 मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा 30 आहे.

यकृत ही पातळी तासाला जेमतेम 15 मिलिग्रॅमने उतरवतं. लिंबूपाणी, ताक, काळा चहा यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकराला बाटली संपली, तर पहाटे पाचला 50 च्या आसपास शिल्लक असतंच. आणि मराठवाड्यात सोयाबीनची रास करायची घाई असली की तोच माणूस मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा राहून पेंढ्या सारतो.

अल्कोहोल काही मिनिटांत मेंदूत पोचतं. पेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या मेंदूतल्या रसायनाचा जोर ते वाढवतं, चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा कमी करतं. मेंदूच्या पुढच्या भागातला सारासार विचार लवकर मंदावतो. ‘मला काय होत नाही’ हे ज्याने ठरवायचं, तोच भाग आधी गुंगतो! मग लहान मेंदू: पाय अडखळतात, जीभ जड होते. घटाघटा प्यायल्यास स्मृती नोंदवणारा हिप्पोकॅम्पस थांबतो. माणूस बोलतो, भांडतो, घरी येतो; सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, कारण नोंदच झालेली नसते. झोपही अर्धीमुर्धी लागते. उत्तररात्री ती तुटते, त्यामुळे रक्त स्वच्छ झाल्यावरही दिवसभर लक्ष टिकत नाही.

रोज पिणाऱ्याची गोष्ट वेगळी. गुंगीवर मात करायला त्याचा मेंदू कायम चेतलेला राहायला शिकतो. त्याने एकदम सोडली, तर सहा-आठ तासांत हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसू लागतात. याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेण्यात वेळ जातो आणि तोच वेळ जिवावर बेतू शकतो. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शेवटचं कधी आणि किती प्यायला, हे दवाखान्यात लपवू नका. अशा रुग्णात बी-1 जीवनसत्त्व बहुधा कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर स्मृतीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. कुठे न्यायचं कळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर विचारता येतं.