समान वस्तुमानाच्या रेणूंची मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळख

मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंना विद्युतप्रभार देऊन त्यांचे आयन बनवतो आणि प्रत्येक आयनाचे वस्तुमान-प्रभार गुणोत्तर मोजतो. दोन वेगळ्या रेणूंचे वस्तुमान एकच असेल, तर वर्णपटात, म्हणजे या मोजमापांच्या आलेखात, दोघांचे शिखर एकाच जागी येते. तरीही त्यांची ओळख पटवता येते. त्यासाठी केवळ वस्तुमान मोजून भागत नाही; आयन फोडावा लागतो, वायूतून न्यावा लागतो किंवा त्याची दुसऱ्या रेणूशी गाठ घालून द्यावी लागते.

‘वस्तुमान समान’ या शब्दांत दोन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात. पहिल्या अडचणीत समानता फक्त पूर्णांकापुरती असते. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि इथिलीन या तिघांचेही वस्तुमान ढोबळमानाने २८; पण नेमके मोजले तर ते अनुक्रमे २७.९९४९, २८.००६१ आणि २८.०३१३ डाल्टन (अणू-रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) भरते. अणुकेंद्रातील बंधनऊर्जा मूलद्रव्यागणिक वेगळी असल्यामुळे हा दशांशातला फरक उरतो. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजला बांधलेल्या मास स्पेक्ट्रोग्राफपासून अशा नेमक्या मोजमापाची परंपरा सुरू झाली. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आज ऑर्बिट्रॅपसारखी उच्च विभेदनक्षमतेची उपकरणे हे काम सहज करतात. प्रथिनांच्या साखळीत ग्लुटामिन आणि लायसिन या दोन अमिनो आम्लांच्या घटकांत फक्त ०.०३६४ डाल्टनचा फरक आहे, तोही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

दुसरी अडचण समघटकांची, आणि खरी कसोटी तीच. समघटकांत अणू तेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी; रेणुसूत्रच एक असते, त्यामुळे दशांशाची कितीही घरे वाढवली तरी फरक सापडत नाही. इथे रचनेलाच बोलते करावे लागते. वेदनाशामक मलमांना ज्याचा उग्र वास येतो ते मिथाइल सॅलिसिलेट आणि सौंदर्यप्रसाधनांत परिरक्षक म्हणून वापरले जाणारे मिथाइल पॅराबेन, दोन्हींचे वस्तुमान १५२. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली मात्र पहिल्याचे ठळक शिखर १२० वर येते, दुसऱ्याचे १२१ वर. सॅलिसिलेटमध्ये हायड्रॉक्सिल गट एस्टर गटाच्या लगत असल्याने त्याचा हायड्रोजन सोबत घेऊन मिथेनॉलचा अख्खा रेणू बाहेर पडतो. पॅराबेनमध्ये हे दोन गट कड्याच्या समोरासमोरच्या टोकांना असतात; तिथे हायड्रोजन हाती लागत नाही आणि मिथॉक्सी गट एकटाच तुटतो.

या तंत्राचे मोल सर्वांत जास्त जाणवते ते नवजात बाळांच्या तपासणीत. मेपल सिरप युरिन डिसीज या आनुवंशिक विकारात ल्युसिनसारख्या शाखायुक्त अमिनो आम्लांचे विघटन करणारे विकर नीट काम करत नाही. रक्तात ल्युसिन साचते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर मेंदूला इजा होते. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवून टँडम मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे आयन निवडून, फोडून त्याचे तुकडेही मोजणाऱ्या उपकरणावर, तपासतात. ल्युसिनचा आयन १३२ वर दिसतो आणि फुटल्यावर ८६ चा तुकडा देतो. पण आयसोल्युसिन आणि ॲलोआयसोल्युसिन हेही नेमके तसेच वागतात. हायड्रॉक्सिप्रोलिनचे सूत्र वेगळे असले तरी चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या, दशांशातला फरक न टिपणाऱ्या साध्या क्वाड्रुपोल उपकरणावर तेही १३२ लाच येते. चाळणी चाचणीतला आकडा त्यामुळे या चौघांची बेरीज असतो. ज्या बाळाच्या रक्तात केवळ हायड्रॉक्सिप्रोलिन वाढलेले आहे, म्हणजे ज्याला सहसा काहीच अपाय होणार नाही, तेही या आकड्यावरून संशयित ठरू शकते.

८६ चा तुकडा पुन्हा फोडला की वाटा वेगळ्या होतात. आयसोल्युसिन अमोनिया गमावून ६९ चा ठळक तुकडा देते, तर ल्युसिनसाठी ४३ चा तुकडा उपयोगी पडतो. ॲलोआयसोल्युसिनचे तसे नाही. ते आयसोल्युसिनचे अवकाशीय समघटक असून जवळजवळ त्याच्यासारखेच फुटते. नेमके तेच या विकाराची खात्रीची खूण असल्याने दुसऱ्या टप्प्यात नमुना आधी द्रव क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून सोडतात. तिथे प्रत्येक आम्ल आपापल्या वेळेला बाहेर पडते. पहिल्या चाचणीचा आकडा हाती आला म्हणून या दुसऱ्या टप्प्याला फाटा देणे धोक्याचे आहे.

प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम वाचतानाही ल्युसिन-आयसोल्युसिन हीच जोडी अडवते. साखळीत दोघांचाही घटक ११३.०८४ डाल्टनचा. नेहमीच्या, कमी ऊर्जेच्या टकरीत साखळीचा कणा तुटतो, पण बाजूची शाखा शाबूत राहते. उच्च ऊर्जेच्या टकरीत शाखाही तुटते, ल्युसिनमधून ४३ चा आणि आयसोल्युसिनमधून २९ चा तुकडा सुटतो. क्लाउस बीमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही खूण दाखवून दिली.

न फोडताही काही समघटक वेगळे करता येतात. आयन मोबिलिटी पद्धतीत आयनांना विद्युतक्षेत्राच्या जोरावर नायट्रोजन किंवा हेलियमसारख्या वायूतून नेतात. आटोपशीर आकाराच्या आयनाच्या टकरी कमी होतात, म्हणून तो पसरट आयनाच्या आधी पोहोचतो.

आरशातील प्रतिमेसारख्या समघटकांचा आकारही एक आणि फुटण्याची रीतही एक. त्यांच्यासाठी डाव्या-उजव्याचा भेद जाणणारा तिसरा रेणू मध्ये आणावा लागतो. ग्रॅहॅम कुक्स यांच्या गतिकीय पद्धतीत तपासायचे आम्ल, एका हाताचा संदर्भ रेणू आणि तांब्यासारख्या धातूचा आयन यांचे संकुल बनवून ते फोडतात. दोन्ही प्रतिमांच्या संकुलांची स्थिरता थोडी वेगळी असल्याने तुकड्यांचे परस्परप्रमाण बदलते, आणि त्या प्रमाणावरून मिश्रणात कोणती प्रतिमा किती आहे हेही काढता येते.