विमान टेकलं म्हणजे पोचलो असं नाही: लांबच्या बिझनेस ट्रिपला निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार. तिकीट आमच्याकडून बुक केलंत की हे पत्रक तुमच्या फोनवर येतंच. दहा मिनिटं काढून वाचा ही मनापासून विनंती, आणि शक्यतो तीन-चार आठवडे आधी वाचा, कारण यातल्या निम्म्या गोष्टी निघायच्या आदल्या रात्री करता येतच नाहीत.

बहुतेक जण आम्हाला पहिला प्रश्न विचारतात की फ्लाइट किती वाजता पोचते. आम्ही उलट विचारतो, तुमची मीटिंग किती वाजता आहे? विमान धावपट्टीला टेकल्यावर पुढे इमिग्रेशनची रांग असते, मग बॅगेची वाट बघणं, कस्टम, गाडी शोधणं, शहरातला ट्रॅफिक, यात दोन-तीन तास सहज जातात आणि हे सगळं सुरळीत झालं तर. त्यात बारा-चौदा तास बसून आलेलं शरीर. म्हणून हिशोब मीटिंगपासून सुरू करायचा आणि मागे मागे येत तिकीट ठरवायचं. दोन ठिकाणांच्या घड्याळात पाच तासांहून जास्त फरक असेल तर मीटिंगच्या आधी तिथे एक अख्खा दिवस आणि दोन रात्री मिळायला हव्यात, यावर आम्ही ठाम आहोत. अकाउंट्सवाले म्हणतात एका रात्रीचं हॉटेल वाचेल, पण ज्या कामासाठी एवढा मोठा खर्च करून माणूस पाठवला तो माणूसच टेबलावर पेंगत असेल तर काय वाचलं?

तारखेकडे पण नीट बघा. पॅसिफिक महासागर ओलांडताना आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, त्यामुळे टोकियोहून संध्याकाळी निघालात तर लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी पोचता, आणि परत येताना एक तारीख गायबच होते. हॉटेल चुकीच्या तारखेचं बुक होणं ही चूक इथेच होते. दुसरं म्हणजे सकाळी सहाला पोचणारी फ्लाइट घेतली तर खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनलाच मिळते, तेव्हा एकतर आदल्या रात्रीपासून खोली घ्या किंवा लवकर चेक-इन आधी लिहून मागा. हे आम्ही करून देतो, फक्त आठवण करा.

कागदपत्रं

पासपोर्ट उघडून एक्सपायरी डेट आत्ता बघा, खरंच आत्ता. बरेच देश किमान सहा महिने शिल्लक मागतात, युरोपच्या शेंगेन भागात (एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक लागतात आणि शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. दोन कोरी पानं ठेवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तसंच हवं, रोजच्या वापरातलं नाव चालत नाही.

व्हिसाचा प्रकार तपासा. मीटिंग, प्रदर्शन, करार यासाठी बिझनेस व्हिजिट चालते, पण तिथे जाऊन मशीन बसवून देणं किंवा तिथल्या कंपनीसाठी प्रत्यक्ष काम करणं याला कित्येक देशांत वेगळा परवाना लागतो. तुम्ही तिथे नेमकं काय करणार आहात ते आम्हाला स्पष्ट सांगा, लपवून काही फायदा नाही, त्रास तुम्हालाच होईल. व्हिसा लागत नसला तरी ऑनलाइन परवानगी लागू शकते, अमेरिकेसाठी एस्टा, ब्रिटनसाठी ईटीए. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत भरायचं असतं आणि ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर लगेच बंद करा.

शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं हे वारंवार जाणाऱ्यांनी मोजत राहा. तिथे १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, म्हणजे दिवसांचा हिशोब आता कॉम्प्युटरच करतो आणि पहिल्या वेळेला रांगेत जास्त वेळ जातो.

औषधांचं मात्र नीट ऐका. एका देशात साधं सर्दीचं औषध असतं ते दुसऱ्या देशात बंदी असलेलं असू शकतं, जपानमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं नेताच येत नाहीत, संयुक्त अरब अमिरातीत कोडीन असलेल्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. औषध मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

मधला थांबा

ही गोष्ट आमच्याच चुकीतून शिकलोय म्हणून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका ग्राहकाला आम्ही दोन वेगवेगळी तिकिटं जोडून दिली होती, स्वस्त पडत होती म्हणून. पहिली फ्लाइट दोन तास लेट झाली, दुसरी निघून गेली आणि दुसऱ्या एअरलाइनची काहीच जबाबदारी नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने माणूस आलाच नाही. त्या ग्राहकाची मीटिंग गेली. तेव्हापासून कामाच्या प्रवासाला आम्ही एकाच पीएनआरवरचं तिकीट देतो, मग उशीर झाला तर पुढच्या फ्लाइटमध्ये बसवणं हे एअरलाइनचं काम असतं आणि बॅगही सहसा शेवटपर्यंत टॅग होते.

अमेरिकेतून पुढे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करावंच लागतं, त्यासाठी व्हिसा किंवा एस्टा लागतो, आणि बॅगसुद्धा बहुतेक वेळा तिथे घेऊन परत द्यावी लागते. तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा आम्ही देत नाही.

विमानात

सिंगापूर ते न्यूयॉर्क ही फ्लाइट साडेअठरा तासांच्या आसपास चालते, म्हणजे विमानात अख्खा दिवस जातो असंच समजा. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा असतो आणि हवा वाळवंटापेक्षा कोरडी, त्यामुळे पाणी पीत राहा आणि दारू शक्यतो टाळा. दर तासा-दोन तासाला उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता साधारण दुप्पट होते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे, निरोगी माणसात ती मुळात कमीच असते, पण नुकतंच ऑपरेशन झालं असेल, गरोदर असाल, किंवा आधी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय निघू नका.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, २०००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते. प्रेझेंटेशन, एक जोडी कपडे आणि चार्जर पण हातातच ठेवा.

उतरल्यावर

इमिग्रेशनच्या खिडकीवर तीन-चार प्रश्न असतात: कशासाठी आलात, किती दिवस, राहणार कुठे, बोलावलं कोणी. उत्तरं छोटी आणि खरी द्या. बिझनेस व्हिसा असताना घाबरून "फिरायला आलोय" म्हणणारे लोक आम्ही बघितलेत, तिथूनच चौकशी सुरू होते. निमंत्रण पत्र, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट यांची कागदावरची प्रिंट जवळ ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

कस्टममध्ये शंका असेल तर लाल मार्गाने (सामान जाहीर करणाऱ्यांची वाट) जा आणि विचारा, विचारल्याचा दंड नसतो. रोख रक्कम अमेरिकेत १०००० डॉलरच्या वर आणि युरोपियन युनियनमध्ये १०००० युरो किंवा जास्त असेल तर लिहून द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात खाण्याचे पदार्थ, लाकडाच्या वस्तू, बिया यांचे नियम फार कडक आहेत, भेट म्हणून नेलेली छोटीशी लाकडी वस्तूसुद्धा फॉर्मवर लिहा. प्रदर्शनासाठी सॅम्पल किंवा मशीन नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्ने (माल तात्पुरता नेऊन परत आणण्यासाठीचा कस्टमचा कागद) काढा, एक वर्ष चालतं आणि ते मानणाऱ्या देशांत त्या मालावर ड्युटी भरावी लागत नाही, फक्त जाताना-येताना त्यावर शिक्के मारून घ्यायला विसरू नका नाहीतर नंतर पैसे मागितले जातात.

बॅग आलीच नाही तर बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर तक्रार लिहून पीआयआर नंबर (त्या तक्रारीचा नंबर) घ्या. माँट्रियल करारानुसार बॅगेचं नुकसान झालं असेल तर ७ दिवसांत आणि बॅग उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करायचा असतो. टॅगचा तुकडा फेकू नका.

बाहेर आल्यावर "टॅक्सी टॅक्सी" म्हणत जवळ येणाऱ्याबरोबर जाऊ नका. कार्ड मशीनने विचारलं की तुमच्या चलनात पैसे घेऊ का, तर नाही म्हणा, तिथलंच चलन निवडा, नाहीतर रेट वाईट लागतो. जुनं सिम चालू ठेवा कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, डेटासाठी ई-सिम घ्या.

झोपेचं गणित

आमच्या मते ट्रिप बिघडते ती इथेच, आणि यावर कोणी नीट बोलत नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकतं. पश्चिमेकडे जाणं सोपं पडतं कारण शरीराचा स्वतःचा दिवस २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो, त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही.

आता बघा, पूर्वेकडे आठ तास पुढे गेलात तर तिथल्या सकाळी नऊला तुमच्या शरीरात रात्रीचा एक वाजलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी मीटिंग दुपारी तीनची मागा. पश्चिमेकडे आठ तास मागे गेलात तर उलटं, तिथल्या दुपारी चारला शरीरात मध्यरात्र, म्हणून मीटिंग सकाळची घ्या. समोरच्याला आधी विचारलं तर बहुतेक लोक आनंदाने वेळ बदलतात, न विचारल्यामुळेच राहतं.

उजेडाचंही तसंच. पश्चिमेला गेलात तर दुपारी-संध्याकाळी बाहेर उजेडात फिरा. पूर्वेला सात-आठ तासांचा फरक असेल तर पहिल्या दिवशी भल्या सकाळी उन्हात फिरू नका, कारण शरीराच्या दृष्टीने ती मध्यरात्र असते आणि तेव्हाचा उजेड घड्याळ उलट्या दिशेला ढकलतो, दुपारनंतर बाहेर पडा. दिवसा झोप आवरेना तर अलार्म लावून वीस-तीस मिनिटं, जास्त नाही. कॉफी दुपारनंतर बंद, तिचा निम्मा परिणाम पाच तासांनी पण अंगात असतो. आणि विमानतळावरून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, यावर आम्ही हट्टच धरतो.

ट्रिप दोन-तीन दिवसांचीच असेल तर घड्याळ बदलायच्या भानगडीत पडूच नका, झोपेच्या वेळा घरच्याच ठेवा आणि मीटिंग तुमच्या जागेपणीच्या वेळेत बसवा.

निघायच्या ७२ तास आधी आम्ही फोन करू. तेव्हा पासपोर्ट, मीटिंगची वेळ आणि तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादी समोर ठेवून बसा, एकेक गोष्ट आपण मिळून तपासू.