सॉकेटला विचारायचं, पण हेलपाटा नको

कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की सांगलीत घरोघरी एकच विचारणा सुरू होते: आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर? 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. गावभागातली, हरिपुरातली माणसं घडीघडीला मोबाईल उघडून आकडा बघतात. आता समजा, हा आकडा थेट फोनवर पाठवणारा एक सर्व्हर आहे आणि त्याला एकाच वेळी वीस हजार फोन जोडलेले आहेत. त्यातल्या प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, एक सॉकेट, म्हणजे त्या जोडणीचं सर्व्हरकडचं टोक, उघडलेलं असतं.

सॉकेटला दोन साठे असतात. फोनकडून आलेला पण प्रोग्रॅमने अजून न उचललेला मजकूर एका साठ्यात, फोनकडे पाठवायला दिलेला पण ज्याची पोच अजून आलेली नाही तो दुसऱ्यात. पावसाळ्यात गडबड होते ती या दुसऱ्या साठ्यात. टॉवरवर ताण आहे, फोनपर्यंत काही पोहोचत नाही आणि इकडे सर्व्हर 39 फूट 2 इंच, मग 39 फूट 5 इंच, मग 39 फूट 9 इंच असे आकडे देतच राहतो. मजकुराची ने-आण करणारा नेटवर्कचा नियमसंच, टीसीपी, प्रामाणिक आहे: एकदा दिलेला मजकूर क्रमाने पोहोचवणार म्हणजे पोहोचवणारच, तो परत मागता येत नाही. त्यामुळे रेंज आल्यावर फोनला आधी शिळे आकडे मिळतात, ताजा सगळ्यात शेवटी. पुराच्या रात्री हे चालणार नाही.

चांगला प्रोग्रॅम म्हणून आधी सॉकेटलाच विचारतो: पोच न आलेले किती बाइट अजून तुझ्याकडे पडून आहेत? शून्य असतील तर नवा आकडा द्यायचा, नसतील तर थांबायचं आणि नंतर फक्त शेवटचा द्यायचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हा प्रश्न जुनाच आहे, त्याचं नाव एसआयओसी-आउट-क्यू. न उचललेल्या मजकुराची चौकशी करणारा त्याचा जोडीदार एसआयओसी-इन-क्यू. दोन्ही विचारायचे ते आयओसीटीएल या सिस्टीम कॉलने, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या विनंतीने.

अडचण त्या सिस्टीम कॉलचीच. प्रत्येक कॉलला प्रोसेसरला प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये जावं लागतं आणि परत यावं लागतं. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली आणि तिच्यावरच्या उपायामुळे अनेक यंत्रांवर ही ये-जा आणखी महाग झाली. एक हेलपाटा जाणवत नाही. पण पाण्याचा प्रत्येक नवा आकडा पाठवण्याआधी वीस हजार सॉकेटना विचारायचं, म्हणजे वीस हजार हेलपाटे झाले.

हेलपाटे कमी करायची मोठी सोय 2019 मध्ये, लिनक्स 5.1 बरोबर आली: येन्स आक्सबो यांनी लिहिलेलं आयओ-यूरिंग. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक टेबलासारखी त्याची रचना आहे. अर्ज आवकमध्ये टाकायचे, निकाल जावकमधून उचलायचे, मधल्या वेळात साहेबांच्या दारात ताटकळायचं नाही. या दोन्ही रांगा प्रोग्रॅम आणि कर्नल या दोघांनाही दिसणाऱ्या सामाईक मेमरीत असतात. नेहमीचा अर्ज 64 बाइटांचा, नेहमीचा निकाल 16 बाइटांचा. शेकडो अर्ज रांगेत लावून कर्नलला एकदाच हाक मारली तरी पुरतं. वाचणं, लिहिणं, नवी जोडणी स्वीकारणं, सगळं या वाटेने होऊ लागलं.

पण सॉकेटची चौकशी मात्र जुन्याच वाटेवर राहिली. प्रत्येक बारीक प्रश्नासाठी आयओ-यूरिंगमध्ये वेगळा अर्ज-प्रकार काढत बसलं असतं तर ती यादी कधी संपलीच नसती. म्हणून 2022 च्या 5.19 आवृत्तीत एकच सर्वसाधारण प्रकार आला, ‘कमांड’. आत काय लिहिलंय ते आयओ-यूरिंग बघत नाही, ज्या वस्तूसाठी अर्ज आहे तिच्या कोडकडे तो सोपवतो. पहिला उपयोग झाला एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कसाठी. 2023 मध्ये ब्रेनो लेताओ यांनी सॉकेटलाही असे अर्ज घेता येतील असा कोड लिहिला, आणि सुरुवात केली नेमकी साठ्यांच्या त्या दोन प्रश्नांपासून. मला ही निवड फार आवडते. कोड थोडा, धोका कमी, आणि पुढच्या कमांडसाठी वाट तयार.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे ‘असिंक्रोनस’ आहे, म्हणजे अर्ज देऊन निकालासाठी थांबावं लागत नाही, म्हणून उत्तराला वेळ लागतो असं नाही. किती बाइट पडून आहेत हे कर्नलला ठाऊकच असतं, उत्तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे मिळतं. फायदा आहे तो वीस हजार प्रश्न गठ्ठ्याने पाठवता येण्याचा.

दुसरा फायदा याहून मोलाचा आहे. आयओ-यूरिंगमध्ये सॉकेट प्रोग्रॅमच्या नेहमीच्या तक्त्यात न नोंदवता आयओ-यूरिंगच्या स्वतःच्या तक्त्यात ठेवता येतं. त्याने कामाचा वेग वाढतो, पण अशा सॉकेटचा क्रमांक जुन्या सिस्टीम कॉलना ओळखताच येत नाही. त्याला काही विचारायचं किंवा सांगायचं तर कमांड हाच थेट रस्ता.

सांगायचंही बरंच असतं. टीसीपी छोटे तुकडे लगेच न पाठवता थोडे साठवते. जॉन नेगल यांनी 1984 मध्ये सुचवलेली ही पद्धत जाळ्यावरचा भार कमी करते, पण आपल्या पाणीपातळीच्या चार अक्षरी आकड्याला ती अडवून धरू शकते. ती बंद करायची तर प्रत्येक जोडणीवर टीसीपी-नोडिले हा पर्याय लावावा लागतो. सॉकेटचे पर्याय लावण्याची आणि वाचण्याची कमांड जानेवारी 2024 च्या लिनक्स 6.7 मध्ये आली. हे पर्याय वेगवेगळ्या स्तरांचे असतात, काही सगळ्याच सॉकेटना लागू, काही फक्त टीसीपीचे. सुरुवातीला पर्याय लावणं सगळ्या स्तरांवर शक्य होतं, वाचणं मात्र फक्त सॉकेटच्या सर्वसाधारण स्तरापुरतं होतं.

या सोयीला सुरक्षेची दुसरी बाजू आहे आणि ती गंभीर आहे. कर्नलमधल्या त्रुटी शोधणाऱ्यांसाठी गूगलची बक्षीस योजना आहे. तिच्यात आलेल्या हल्ल्यांपैकी 60 टक्के आयओ-यूरिंगच्या वाटेने झाले होते, असं गूगलने 2023 मध्ये सांगितलं आणि स्वतःच्या सर्व्हरवर ते बंद केलं. त्याच वर्षी कर्नल 6.6 मध्ये ते पूर्ण बंद करण्याचं बटणही आलं. ज्या यंत्रावर अनोळखी लोकांचे प्रोग्रॅम चालतात तिथे ते बंदच ठेवावं असं माझं मत आहे. आपलाच एक प्रोग्रॅम चालवणाऱ्या सर्व्हरचा विचार वेगळा.

वालचंद महाविद्यालयातल्या किंवा कुठल्याही मुलाला हे दोन साठे आजच बघता येतील, कोड न लिहिता. लिनक्सच्या लॅपटॉपवरून एखादी मोठी फाइल अपलोड करायला लावा आणि टर्मिनलमध्ये ‘एसएस’ ही आज्ञा द्या. रिसीव्ह-क्यू आणि सेंड-क्यू असे दोन रकाने दिसतील. चालू जोडणीच्या ओळीत ते हेच दोन आकडे असतात. मग वायफाय राउटरपासून लांब जाऊन तीच आज्ञा पुन्हा द्या. सिग्नल अडखळू लागला की सेंड-क्यू फुगलेला दिसेल.